जानेवारीचं छत

ऑफिसात कामं वाटून देणाऱ्या डोरथीनं नकाशांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तुझ्या मित्राची आहे. हे ती नेहमी हसून सांगायची आणि मीही नेहमी थँक्यू म्हणून दात दाखवायचो. गुंडाळीवर तोच निळा शिक्का होता, ‘शिराळकर स्टील’. शेजारच्या टेबलावर स्टॅन साखर लावलेला डोनट खात आरामात बसला होता. त्याच्यापुढं कामाचा एक कागद नव्हता, तरी त्या मित्राचं, मुकुंदाचं काम यायचं ते माझ्याच बोकांडी.

आमचं ऑफिस सरकारी. अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठच्या त्या भागात कुणालाही इमारत बांधायची असली की नकाशे आमच्याकडं यायचे. आम्ही ते तपासायचे आणि सगळं बरोबर असलं तर शिक्का मारून परत द्यायचे. म्हणजे मुकुंद शिराळकरनं बांधायचं आणि मी, प्रभाकर अष्टेकरनं, बांध बाबा म्हणायचं. सांगलीच्या कॉलेजात हाच मुकुंद माझ्या जर्नलवरून स्वतःचं जर्नल उतरवून काढायचा, मी पहिला आलो होतो आणि तो कसाबसा सेकंड क्लासात सुटला होता. बरोबरच आम्ही अमेरिकेला आलो, ओक्लाहोमात एका खोलीत राहिलो, एकाच कुकरमध्ये खिचडी शिजवली. मग नोकरीसाठी दोघंही उत्तरेला, या थंडगार गावात आलो. मी सरकारी नोकरी धरली, कारण ती पक्की होती. त्यानं वर्षभर कुणाकडं तरी नोकरी केली, मग एक जुनं वेल्डिंग मशीन आणि एक मोडका ट्रक घेतला आणि दुसऱ्यांच्या इमारतींचे खांब उभे करू लागला. मी तेव्हा मनातल्या मनात म्हटलं होतं, वर्षभरात येईल परत नोकरी शोधत.

तो काही आला नाही. आधी शेड, मग गोदामं, मग एक छोटा पूल, आणि बघता बघता त्याच्या यार्डात दोन क्रेन उभ्या राहिल्या. गावात कुठंही जा, लाल लोखंडाचा सांगाडा दिसला की त्यावर मुकुंदाच्या नावाची पाटी. मी मुलीला शाळेत सोडायला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायचो, कारण जवळच्या रस्त्यावर त्याचं काम चालू होतं. जळायचो मी, साफ जळायचो. माझ्या डोक्यातलं गणित त्याच्या डोक्यात कधीच नव्हतं, आणि सांगाडे मात्र त्याचे उभे राहत होते.

त्यात आमच्या घरी शैलजा. तिच्या मनात वाईट काही नसायचं, पण मुकुंदाच्या बायकोकडून, कुंदावहिनींकडून आली की तिची गाडी सुरू व्हायची. अहो, त्यांनी स्वयंपाकघर मोठं केलं. अहो, भावजींनी बर्फ काढायला माणूस लावलाय, पहाटेच येऊन रस्ता मोकळा करून जातो. अहो, या डिसेंबरातही ते निघाले सांगलीला. हे शेवटचं मला सगळ्यात झोंबायचं. थंडीत आमच्या गावात लोखंड उभं करायचं काम थांबतं, त्यामुळं मुकुंद डिसेंबरात कुटुंबासकट विमानात बसायचा आणि फेब्रुवारी संपता संपता उगवायचा. आल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात त्याचं पुराण ऐकावं लागायचं. शिराळ्याच्या मळ्यात शेकोटीभोवती बसून खाल्लेला हुरडा, त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, वर गुळाचा खडा, आणि उसाचा ताजा रस. ऐकणाऱ्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या हाताला तेव्हा बर्फ उपसून फावड्यानं फोड आलेले असायचे.

भेटला की एक वाक्य मात्र ठरलेलं. पाठीवर थाप मारायचा आणि हसत विचारायचा, “काय पभ्या, सापडलं का काही?”

नकाशांबद्दल विचारतोय हे सगळ्यांना कळायचं, सगळे हसायचे. मला तो टोमणा वाटायचा. काय सापडणार तुला, असं म्हणतोय असं वाटायचं. म्हणून मी त्याचे नकाशे असे तपासायचो की दुसऱ्या कुणाचे तसे तपासले नसतील. प्रत्येक तुळई, प्रत्येक जोड, प्रत्येक बोल्ट मी पहिल्यापासून स्वतः हिशेब करून बघायचो. जेवणाची सुट्टी त्यातच जायची. कधी एखादा बोल्ट कमी निघायचा, कधी वेल्डची जाडी चुकायची. मी तांबड्या पेन्सिलीनं तिथं ठसठशीत गोल काढायचो आणि लहानशा चुकीवर लांबलचक शेरा लिहायचो. दुसऱ्या दिवशी नकाशा दुरुस्त होऊन परत यायचा, एका शब्दानं वाद नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

तर त्या ऑक्टोबरात जी गुंडाळी आली ती शाळेची होती. त्याचं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम. शाळेसाठी तो एक उंच व्यायामशाळा बांधत होता, तिचे नकाशे आधीच पास झाले होते आणि सांगाडा जवळपास पुरा झाला होता. शाळेनं मागाहून त्याला चिकटून एक बसकं कॅन्टीन सांगितलं होतं, आणि या गुंडाळीत ते कॅन्टीन होतं. बर्फ पडायच्या आत काम उरकायचं म्हणून मुकुंदानं मंजुरीची वाट न बघता कॅन्टीनचं लोखंड कापून, भोकं पाडून यार्डात तयारही ठेवलं होतं. हे मला शैलजानंच सांगितलं होतं. कुंदावहिनी तिला काळजीनं म्हणाल्या होत्या की या कामात सगळं घातलंय यांनी, वेळेत झालं तर कंपनी वर जाईल आणि नाही झालं तर दोन्ही क्रेन विकाव्या लागतील. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, पण विसरलो नव्हतो.

नकाशे मी नेहमीसारखे तपासले. हिशेब चोख होता. छतावर बर्फाचं वजन किती धरायचं तो आकडा पुस्तकात दिलेला असतो, त्यानं तोच धरला होता. तांबडी पेन्सिल हातात तशीच राहिली. शेवटचा कागद उरला होता, बाजूनं दिसणारी इमारत. डावीकडं सरोवर, मग उंच व्यायामशाळा, आणि तिच्या पाठीशी, वाऱ्याच्या आडोशाला, बसकं कॅन्टीन. तो कागद बघता बघता माझा हात थांबला.

हे चित्र मी पाहिलं होतं. ते माझं घर होतं. आमचं घर उंच, त्याला चिकटून गाडीचं बसकं गॅरेज, आणि वारा सरोवराकडून घराच्या डोक्यावरून येणारा. सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत त्या भागात असं हिमवादळ झालं की गाड्या गाडल्या गेल्या. वाऱ्यानं घराच्या छतावरचा सगळा बर्फ उचलून मागं गॅरेजवर टाकला. बाकी गॅरेजवर गुडघाभर होता, पण घराच्या भिंतीलगत तो आमच्या माडीच्या खिडकीला लागला. आतले वासे कुरकुरायला लागले तसा मी फावडं घेऊन वर चढलो आणि शैलजा खालून देवाचा धावा करत उभी राहिली. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी त्या छतावर चढतो. स्टॅनला हे सांगितलं तर तो खांदे उडवायचा, पुस्तकात आकडा आहे की, म्हणायचा. पुस्तकात त्या काळी भिंतीलगतच्या ढिगाबद्दल धड काही नव्हतं.

मुकुंद त्या जानेवारीत कुठं होता? मळ्यात हुरडा खात होता. त्याच्या आधीच्या जानेवारीतही, आणि नंतरच्याही. या गावात आल्यापासून त्यानं एकही जानेवारी इथं काढला नव्हता. त्याला बर्फ माहीत होता तो पुस्तकातला, सगळीकडं सारखा पसरलेला.

मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी पिऊन आलो. सापडलं होतं. बोल्ट नाही, वेल्ड नाही, सबंध छत सापडलं होतं. यार्डातलं कापून ठेवलेलं लोखंड त्या ढिगाखाली टिकणार नव्हतं, आणि त्याखाली शाळेतली पोरं डबे खात बसणार होती. मी नामंजूर म्हटलं की ते सगळं लोखंड भंगारात, काम पुढच्या वर्षावर, आणि मग त्या क्रेनचं काय व्हायचं ते व्हायचं. मी बरोबर होतो, शंभर टक्के बरोबर. ज्याच्यावर जळतो त्याला कायदेशीर पाडायची संधी माणसाला आयुष्यात किती वेळा मिळते?

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी व्यायामशाळेची शेवटची तुळई चढवायचा समारंभ होता. तिकडच्या लोखंडी कामगारांची ही पद्धत आहे. सांगाड्याची शेवटची तुळई पांढरी रंगवतात, बांधणारे आणि पाहुणे तिच्यावर सह्या करतात, तिला एक छोटंसं हिरवं झाड बांधतात आणि मग क्रेननं वर चढवतात. मुकुंदानं सबंध महाराष्ट्र मंडळाला बोलावलं होतं. शिक्का न मारलेला नकाशा सोमवारी डोरथीकडून पाठवता आला असता, फोनवर सांगता आलं असतं. मी ठरवलं की नाही, तिथंच सांगायचं, सगळ्यांसमोर. पहिला कोण आला होता ते एकदा लोकांना कळू दे.

शनिवारी ऊन होतं, पण वारा झोंबरा. बायकांनी पैठण्यांवर जाडजूड कोट चढवले होते. कुंदावहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या, त्यांनी पांढऱ्या तुळईला कुंकू लावलं आणि मुकुंदानं तिच्यावर नारळ फोडला. त्याचा अमेरिकन फोरमन, दारासारखा रुंद माणूस, टोपी काढून उभा राहिला आणि खोबऱ्याचा तुकडा त्यानं प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला. सगळं इतकं छान चाललं होतं की माझं पित्त आणखी खवळलं. शैलजा माझ्या कानाशी म्हणाली, किती कौतुक वाटतं नाही हो.

लोकांच्या सह्या झाल्या. मग मुकुंदानं मला हाक मारली, “पभ्या, ये. तुझी सही मधोमध.” आणि जाड काळा मार्कर पुढं केला. वर नेहमीचं होतंच, “काय, सापडलं का काही?”

लोक हसले. मी मार्कर हातात घेतला.

“सापडलं,” मी म्हटलं. “या तुळईवर सही करतो. तुझ्या कॅन्टीनवर नाही करणार.”

हसणं विरलं. मुकुंद अजून हसतच होता, पण डोळे माझ्यावर रोखून. “का?”

“जानेवारीत तू कुठं असतोस?”

“सांगलीला. तुला ठाऊक आहे.”

“म्हणून.”

आणि मग मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको म्हणून. वारा कुठून येतो, उंच छतावरचा बर्फ कुठं जाऊन पडतो, भिंतीलगत किती साठतो, माझ्या गॅरेजचे वासे कसे कुरकुरले. शैलजा माझी बाही ओढत होती. कुंदावहिनींच्या हातातलं ताट खाली आलं, त्यातला नारळाचा एक तुकडा मातीत पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मुकुंद हळूच म्हणाला की पुस्तकात तर एवढाच आकडा आहे.

“पुस्तक फावडं घेऊन छतावर चढलं नव्हतं,” मी म्हटलं. “मी चढलो होतो.”

तो वळला. व्यायामशाळेची उंच लाल चौकट आणि तिच्या शेजारची कॅन्टीनची मोकळी जागा तो बघत राहिला. मग सरोवराकडं बघितलं, मग परत त्या जागेकडं. मी वाट बघत होतो, आता चिडेल, आता शिव्या देईल, निदान आता गयावया करेल. त्यानं फक्त विचारलं, भिंतीलगत किती धरायचं. मी म्हटलं तिप्पट, थोडं जास्तच. त्यानं मान हलवली, फोरमनला बोलावलं आणि सांगितलं की यार्डातलं कॅन्टीनचं लोखंड सोमवारी ट्रकात भरायचं नाही, ते रद्द. फोरमनचं तोंड उघडं राहिलं. मुकुंदानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं मनगट धरून मला क्रेनच्या मागं घेऊन गेला.

तिथं आडोसा होता. त्यानं सिगारेट उलटी तोंडात धरली, मग सुलटी करून पेटवली. ते बघून मला बरं वाटलं, मग लगेच तेवढं बरं वाटेना.

“राग नाही आला?” मी विचारलं.

“आला ना. बायकोसमोर सांगायची गरज नव्हती.” त्यानं धूर सोडला. “पण सापडलं तुला. बरं झालं, लेका. पोरं बसणार होती खाली.”

मला ते सहन होईना. मी म्हटलं, उगाच मोठेपणा करू नकोस, माझ्याकडं नकाशे पाठवून इतकी वर्षं मला हिणवतोयस, मी काय ओळखत नाही तुला?

मुकुंद माझ्याकडं बघत राहिला, खरंच चकित झाल्यासारखा. “हिणवतोय? मर्दा, डोरथीला मी पहिल्याच कामाला सांगून ठेवलंय. शिराळकरचं काम अष्टेकरकडंच द्यायचं, स्टॅनकडं नाही. स्टॅन जेवायच्या आत शिक्का मारतो.”

“का पण?”

“कारण माझी चूक सापडावी म्हणून जीव टाकणारा माणूस या देशात एकच आहे. पगार देऊन असला माणूस मिळत नाही.” तो जरा हसला. “कॉलेजात निकाल लागला की तू बोर्डावर आधी माझे मार्क शोधायचास, मग स्वतःचे. मी मागंच उभा असायचो, पभ्या. मला माझा नंबर तुझ्या तोंडावरून कळायचा. मी दर वेळी विचारतो, सापडलं का, ते काय गंमत म्हणून?”

इतकी वर्षं मी जे जपून, लपवून ठेवलंय असं समजत होतो, ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत होतं एवढंच नाही, त्यानं ते कामालाही लावलं होतं. त्याचे खांब उभे होते ते माझ्या जळण्यावर उभे होते. आणि त्याबद्दलही मला त्याचा हेवाच वाटला, कारण माझ्या या गुणाचा उपयोग मला स्वतःला कधी सुचला नव्हता.

तुळई वर गेली. मी मधोमध सही केली होती, कारण फोरमन मार्कर घेऊन उभाच होता. मुकुंदानं दोनपैकी एक क्रेन विकली आणि कॅन्टीनचं लोखंड नव्यानं केलं. भिंतीलगतच्या तुळया इतक्या जाड घेतल्या की स्टॅननं नकाशा बघून शिट्टी मारली. त्या नकाशावर शिक्का मी मारला. काम डिसेंबरच्या शेवटी, बर्फात, कुडकुडत संपलं. शिराळकर स्टील पुढं खूप मोठी झाली, दोन राज्यांत पसरली, पण ते सगळं नंतरचं.

त्या डिसेंबरात तो सांगलीला गेला नाही. शैलजानं सांगितलं तेव्हा मला वाटलं, पैशाची ओढाताण असेल. जानेवारीच्या मध्यावर सलग बर्फ पडला, आणि एका दुपारी त्याचा ट्रक माझ्या दारात उभा राहिला. आत दोन फावडी. म्हणाला चल, बघून येऊ.

आम्ही शिडी लावून कॅन्टीनच्या छतावर चढलो. कडेला बर्फ गुडघ्याला लागत होता. भिंतीकडं जावं तसा वाढत गेला, मांडीला, कमरेला, आणि भिंतीजवळ तो मुकुंदाच्या छातीला लागला. तो तिथं उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तो ढीग चाचपत राहिला. पायाखालचं छत हललं नव्हतं, कुरकुरलं नव्हतं.

मग म्हणाला, “मळ्यात हुरडा आता ऐन भरात असेल.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा हुरडा तिकडं होता आणि मुकुंद इकडं, माझ्याबरोबर, नाक लाल करून. खरं सांगतो, छत टिकलं याहून मला त्या गोष्टीचं समाधान जास्त वाटलं. माझा चेहरा त्यानं पाहिला असणार, कारण तो हसायला लागला.

छताला आता गरज नव्हती, तरी त्यानं फावडं उचललं आणि ढिगात घातलं. भिंत संपते त्या टोकाशी जाऊन, सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्याकडं तोंड करून मोठं भरलेलं फावडं उडवलं, आणि सगळा बर्फ उलटा त्याच्याच तोंडावर आला. त्यानं चष्मा काढून पुसला, परत भरलं, परत उडवलं, परत तेच झालं. मी हातातलं फावडं टेकून बघत उभा होतो.

“काय चुकतंय सांग,” तो म्हणाला.

मी सांगितलं.